सफरचंद फुलतं, पण फळ धरत नाही: विदर्भातल्या सांदवाडीसाठी (घरामागच्या वाडीसाठी) जोडीची निवड आणि दुरुस्ती

झाड जोमात वाढलं, पानं हिरवीगार, फेब्रुवारीत फांद्या गुलाबी-पांढऱ्या झाल्या आणि आठ-दहा दिवसांत सगळी फुलं देठासकट खाली. वरुड-मोर्शीपासून ब्रह्मपुरीपर्यंत ज्यांनी हौसेनं घरामागं सफरचंद लावलं, त्यांच्यापैकी बहुतेकांची तक्रार हीच असते. त्यावर केले जाणारे उपायही ठरलेले: युरियाची मूठ, कृषी केंद्रातून आणलेलं 'फुलगळ थांबवणारं' टॉनिक, नाहीतर बुडाशी आणखी एक बंडी शेणखत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

बहुतेक वेळा झाडाला काही कमी नसतं. चूक रोप विकत घेतलं त्या दिवशीच झालेली असते. एकच झाड आणलेलं असतं, किंवा दोन आणली तरी एकाच जातीची, किंवा जाती वेगळ्या पण फुलायची वेळ जुळत नाही. ते आता सुधारता येतं, आणि पुढची खरेदी करताना टाळताही येतं. पण औषधावर पैसे घालण्याआधी गळ नेमकी कुठं होते ते पाहा.

आधी गळलेलं हातात घ्या

पाकळ्या झडल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत फुलाचा देठ पिवळा पडून आख्खं फूल गळत असेल, आणि देठाच्या टोकाचा हिरवा भाग मुळीच फुगलेला नसेल, तर परागीकरण झालंच नाही. इथं खताचा काही संबंध नाही.

बोराएवढी किंवा सुपारीएवढी फळं मार्च-एप्रिलमध्ये गळत असतील, तर पाच-सहा उचला आणि ब्लेडनं मधोमध आडवी कापा. आत पाच पाकळ्यांची चांदणी दिसेल. प्रत्येक कप्प्यात साधारण दोन, म्हणजे सगळ्या मिळून दहापर्यंत बिया असू शकतात. सात-आठ टपोऱ्या पांढऱ्या बिया दिसल्या तर परागीकरण चांगलं झालंय. गळ उन्हामुळं किंवा पाण्याच्या चुकीमुळं आहे. एक-दोनच बिया भरल्यात आणि बाकीच्या जागी तपकिरी साल चिकटलेली, तर पराग कमी पोचले. अशी फळं झाडावर राहिली तरी एका बाजूनं चपटी राहतात. ज्या कप्प्यात बी नाही त्या बाजूचा गर वाढत नाही. वाकडं फळ म्हणजे रोग समजून फवारणी करणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे सांगितलं.

सगळीच गळ वाईट नसते. सफरचंदाच्या शंभर फुलांतून पाच ते दहा फळं टिकली तरी झाड भरून जातं. फुलं खाली पडली म्हणून घाबरू नका, फांदीवर किती राहिलं ते मोजा.

आणि झाड चार-पाच वर्षांचं होऊनही फूलच येत नसेल, तर प्रश्न वेगळा आहे. एकतर जात थंड प्रदेशातली आहे, नाहीतर रोप कलमी नसून बियांचं आहे, नाहीतर नत्राचा मारा इतका झालाय की झाड नुसतं पाला काढतंय. त्यातल्या पहिल्या दोन कारणांवर एकच उपाय: चांगल्या जातीची कलम त्याच खोडावर बांधणं.

संत्र्याची सवय इथं चालत नाही

आपल्याकडं फळझाड म्हणजे संत्रा. नागपुरी संत्र्याचं एकटं झाडसुद्धा लदबद फळतं, त्यामुळं दुसरं झाड कशाला लागतं हा प्रश्नच मनात येत नाही. सफरचंदाचं तसं नाही. फुलात पुंकेसरही असतात, स्त्रीकेसरही असतो, पण आपल्याच जातीचा पराग आला की स्त्रीकेसर तो ओळखतो आणि परागातून फुटणारी नळी मध्येच अडवतो. बीजांडापर्यंत पराग पोचतच नाही. परका, म्हणजे वेगळ्या जातीचा पराग लागतो.

आणि 'वेगळं झाड' म्हणजे 'वेगळी जात' नव्हे. जगातली ॲना या जातीची सगळी झाडं एकाच मूळ झाडाच्या कलमा आहेत. तुमच्या वाडीत ॲनाची चार झाडं असली तरी परागाच्या हिशेबात ते एकच झाड.

नर्सरीवाले कधीकधी 'एक नर, एक मादी घेऊन जा' म्हणतात. पपईत तसं असतं. सफरचंदात नर झाड नसतं. विकणाऱ्याला जातींची नावं सांगता येत नसतील आणि तो नर-मादीवर बोलत असेल, तर तिथून रोप घेऊ नका.

हिमाचलात रॉयल डिलिशियसच्या बागेत गोल्डन डिलिशियससारख्या जाती मुद्दाम मध्येमध्ये लावतात, फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतात, आणि परागी झाडं कमी पडली तर दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या पिशवीत घालून झाडांना टांगतात. पद्धत तिथली घ्या, जाती घेऊ नका. डिलिशियस गटाला हिवाळ्यात ७.२ अंश सेल्सिअसखालचे हजाराच्या आसपास तास लागतात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत नागपूर, वर्धा, यवतमाळला पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो. थंडीची लाट आली तर काही रात्री सात-आठच्या खाली जातो. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती, पण तशी रात्र दरवर्षी येत नाही. अशा हिशेबात डिलिशियसचे डोळे, म्हणजे फांदीवरच्या कळ्या, नीट फुटतच नाहीत. चिखलदऱ्याच्या पठारावर थंडी जास्त आहे, तरी डिलिशियस तिथंही लावू नका.

कोणती जोडी

आपल्या हवेत विचार करावा अशा जाती मोजक्याच आहेत.

ॲना ही इस्रायलमधल्या ऐन शेमेर इथं तयार झालेली जात. तिला साधारण २०० ते ३०० तास थंडी पुरते. फळ लांबट, गोड-आंबट, सालीवर लाली. काही ठिकाणी एकटी ॲनाही थोडीफार फळते, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

डॉर्सेट गोल्डन बहामाच्या नासाऊ भागात, म्हणजे थंडी जवळपास नाहीच अशा बेटावर सापडलेली जात. ॲनापेक्षाही कमी थंडीवर फुलते, फळ पिवळं. ॲनाच्या सोबतच फुलते आणि दोघींचे पराग एकमेकींना चालतात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं मैदानी भागासाठी याच दोन जातींची नावं घेतली आहेत. मात्र पंजाबचा हिवाळा आपल्यापेक्षा कडक असतो. तिथं जे आपोआप होतं ते इथं हातानं करून घ्यावं लागतं. ते पुढं येतं.

एचआरएमएन-९९ ही हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली जात. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं ती बऱ्याच राज्यांत लावून पाहिली. ही स्वपरागी म्हणून ओळखली जाते, म्हणजे एकटीलाही फळ येतं. तरी शेजारी दुसरी जात असेल तर बी भरतं आणि फळाला आकार चांगला येतो.

तर दोन झाडांची जागा असेल तर एक ॲना, एक डॉर्सेट गोल्डन. तीन बसत असतील तर तिसरं एचआरएमएन-९९. एकाच झाडाची जागा असेल तर एचआरएमएन-९९, किंवा ॲना आणून तिच्याच एका फांदीवर डॉर्सेटची कलम. आमच्या मते सांदवाडीला हा शेवटचा पर्याय सगळ्यात बरा: जागा वाचते, पाणी वाचतं आणि जोडी कधी दूर पडत नाही. दोन वेगळी झाडं लावायची असतील तर दहा-बारा फुटांवर लावा. ४०-५० फुटांच्या पलीकडं गेलात तर माश्यांच्या भरवशावर राहणं कठीण. मधे घर किंवा गोठ्याची भिंत असेल तर अंतर आणखी कमी धरा.

एकरभर लावायचा विचार मनात असेल तर तो बाजूला ठेवा. इथलं फळ मे महिन्यात तयार होतं, रात्री गरम असल्यानं रंग फिका राहतो, आणि झाडावरून काढलं की लवकर मऊ पडतं. घरच्या खाण्यापुरती दोन-तीन झाडं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

रोप घेताना काय पाहायचं

सगळ्यात आधी, ते सफरचंदच आहे ना? आठवडी बाजारात आणि गाडीवर 'ॲपलचं झाड' म्हणून ॲपल बोर सर्रास विकलं जातं, कारण ते इथं जोरात वाढतं. पान उलटून बघा. बोराच्या पानात देठापासूनच तीन ठळक शिरा निघतात, आणि मागची बाजू पांढुरकी असते. सफरचंदाच्या पानात मधोमध एकच मुख्य शीर, कडेला बारीक करवतीसारखे दाते, पानं एकाआड एक. पानं जोडीनं समोरासमोर आली असतील तर ते पांढरं-गुलाबी जाम असण्याची शक्यता जास्त. हिवाळ्यात बिनपानाचं रोप आलं तर हे तपासता येत नाही, म्हणून खात्रीच्या नर्सरीचंच घ्या.

मग कलमेचा जोड. बुडापासून वीतभर उंचीवर खोडाला किंचित वाकण आणि जाडीत फरक दिसला पाहिजे. सरळसोट खोड, जोड कुठंच नाही, तर ते बियांचं रोप. फळ काय येईल आणि कधी येईल याचा नेम नाही. जोडाच्या खालून फूट आलेली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधली त्या मुळाकडच्या झाडाची, ती लगेच काढायची. पुष्कळांच्या वाडीत मूळ कलम कधीच मेलेली असते आणि लोक वर्षानुवर्षं खुंट वाढवत बसतात.

खुंटाचं नाव विचारा. संत्र्याला जंबेरी की रंगपूर लाइम हे विचारतो तसंच हे. एमएम-१०६ सगळीकडं मिळतो, मध्यम उंचीचं झाड देतो, पण ओल धरणाऱ्या भारी जमिनीत त्याच्या बुडाला सड लागते. काळ्या जमिनीत तो लावणं म्हणजे पावसाळ्यात धोका पत्करणं. एमएम-१११ भारी जमीनही सोसतो आणि पाण्याचा ताणही. झाड थोडं मोठं होतं, पण आपल्याला तोच बरा. एम-९ फार बुटका, मुळं उथळ आणि ठिसूळ, जन्मभर आधार लागतो. आपल्या वाऱ्या-उन्हात तो नकोच. खुंट रानटी सफरचंदाचा असेल तर झाड मोठं होईल, फळाला उशीर लागेल, पण तगून राहील.

उघड्या मुळांची रोपं डिसेंबरअखेर ते जानेवारीत हिमाचलातून येतात. पेन्सिलीपेक्षा जाड, तीन-चार फूट उंच, दोन-तीन चांगली मुळं आणि बारीक तंतुमुळं असलेलं रोप निवडा. नखानं साल किंचित खरवडली तर आत हिरवी-ओली दिसली पाहिजे. मुळांवर किंवा जोडाजवळ गाठी असतील, अगदी बोराएवढी असली तरी, परत पाठवा; त्या जिवाणूंच्या गाठी जमिनीत राहतात आणि बऱ्या होत नाहीत. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर ती लोकरी मावा ही कीड.

पार्सल आलं की मुळं रात्रभर पाण्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लावा. लगेच जमत नसेल तर सावलीत ओल्या रेतीत गाडून ठेवा. पार्सल उघडून ओसरीवर दोन दिवस पडलेलं रोप बहुधा फुटत नाही, आणि दोष मात्र नर्सरीवर जातो.

दोन्ही जातींवर नावाची चिठ्ठी असते ती प्लास्टिकची असली तरी उन्हानं पुसते. लावायच्या दिवशीच वहीत आकृती काढून ठेवा: विहिरीकडचं कोणतं, गोठ्याकडचं कोणतं. तीन वर्षांनी परागाचा हिशेब करताना हीच वही लागते.

जोडी आहे, तरी फळ नाही: वेळ जुळत नाही

विदर्भात सगळ्यात जास्त फसगत इथं होते. थंडी कमी असल्यानं झाडाची पानं आपोआप झडत नाहीत. जानेवारीतही जुनी पानं फांदीवरच. मग फुलं तुटक-तुटक येतात: चार नोव्हेंबरात, दहा जानेवारीअखेर, उरलेली मार्चमध्ये. ॲना फुलते तेव्हा डॉर्सेट गप्प, डॉर्सेट फुलते तेव्हा ॲनाची फुलं वाळलेली. आणि मार्चमध्ये फुललं तर दुपारचं ऊन ३६-३८ अंशांवर जातं. स्त्रीकेसराचं टोक सुकतं, आलेला पराग रुजत नाही.

इलाज म्हणजे पानं हातानं काढणं. इंडोनेशियात पूर्व जावातल्या बाटू भागात, जिथं हिवाळा नावालाही नाही, तिथले शेतकरी अशीच पानं खुडून सफरचंद घेतात. आपल्याकडं आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, त्याच्याशी याचं नातं जवळचं आहे, फरक इतकाच की इथं पाण्यापेक्षा पानं काढणं महत्त्वाचं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाणी कमी करा. भारी जमिनीत बंदच ठेवलं तरी चालतं, मुरमाड जमिनीत आठवड्याला एकदा थोडं द्या. २० डिसेंबर ते ५ जानेवारीच्या दरम्यान एक दिवस ठरवा आणि दोन्ही झाडांची सगळी पानं त्याच दिवशी काढा. ओढून काढू नका, सालीसकट निघतं आणि पानाच्या बगलेतला डोळा, म्हणजे पुढचं फूल, जखमी होतो. कात्रीनं पान कापून देठ फांदीवर राहू द्या. तो आठवड्यात आपोआप पडतो. वाळक्या, आत वळलेल्या फांद्या तेव्हाच काढा, पण शेंडे सरसकट छाटू नका. ॲना आणि डॉर्सेट मागच्या वर्षीच्या काडीच्या टोकालाही फुलतात. मग पाणी सुरू करा. तीन-चार आठवड्यांत डोळे फुगतात, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फुलोरा. त्या दिवसांतली हवा परागाला मानवते.

पहिल्या वर्षी कोणतं झाड किती दिवस आधी फुललं ते लिहून ठेवा. डॉर्सेट दहा दिवस मागं राहिली असेल, तर पुढच्या वर्षी तिची पानं दहा दिवस आधी काढा.

द्राक्षबागेत डोळे फोडायला वापरतात ते हायड्रोजन सायनामाइड कोणी सुचवलं तर नको म्हणा. ते अत्यंत विषारी आहे, आणि फवारणीच्या आगंमागं दारू पोटात गेली तर माणसाच्या जिवावर बेततं. घराला लागून असलेल्या वाडीत त्याचं काम नाही.

एकच झाड आहे, आता काय

कायमचा उपाय: दुसऱ्या जातीची फांदी बांधणं. डॉर्सेटच्या एक वर्षाच्या, पेन्सिलीएवढ्या काड्या डिसेंबरअखेर, डोळे झोपलेले असताना आणा. ओल्या वर्तमानपत्रात, वर पॉलिथिन गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. त्याच कप्प्यात केळी, सफरचंद, टमाटर नकोत. पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूनं डोळे मरतात. आपल्या झाडाचे डोळे फुगायला लागले की, म्हणजे साधारण संक्रांतीनंतर, कलम बांधा. पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची, मध्यम उंचीवरची, बोटाएवढी फांदी निवडून सपाट कापा, मधोमध दीड इंच चीर द्या. काडीवर तीन-चार डोळे ठेवून खालचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं सव्वा इंच तासा. चिरीत बसवताना दोन्हींच्या सालीखालचा हिरवा पापुद्रा निदान एका बाजूला तरी तंतोतंत जुळला पाहिजे. मधोमध बसवली तर दिसायला नीट, पण जीव धरत नाही. कलमपट्टीनं घट्ट बांधा, वरच्या कापावर मेण लावा, आणि अरुंद पॉलिथिनची टोपी चढवून खाली सैल बांधा. दोन ते चार आठवड्यांत डोळा हलला की टोपी संध्याकाळी काढा, दुपारी नाही.

ज्यांना स्वतः जमत नाही त्यांनी शेंदुरजना घाट-वरुडकडच्या संत्रा नर्सरीत डोळे बांधणारा माणूस शोधावा. झाड वेगळं असलं तरी हात तोच लागतो. बांधलेल्या फांदीवर लाल रंगाची रेघ मारून ठेवा. नाहीतर छाटणीच्या वेळी घरातलंच कोणीतरी तीच फांदी आधी तोडतं.

ती फांदी फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर पराग उसना आणा. गावात किंवा ओळखीत दुसऱ्या जातीचं झाड असेल तर उमलायच्या बेतात आलेल्या, फुग्यासारख्या गुलाबी २०-२५ कळ्या खुडा. पाकळ्या काढून चहाच्या गाळणीवर हलक्या हातानं घासा. पुंकेसरांची टोकं खालच्या कागदावर पडतात. कागद रात्रभर घरात, उन्हापासून दूर ठेवा. सकाळी टोकं फुटून पिवळी भुकटी सुटलेली दिसेल. ती कोरड्या बाटलीत, औषधाच्या डबीतली ओल शोषणारी पुडी टाकून, फ्रिजमध्ये ठेवली तर काही दिवस सहज चालते. दव वाळल्यापासून दहा-अकरा वाजेपर्यंत बारीक ब्रशनं किंवा कानातल्या कापसाच्या काडीनं फुलाच्या मधल्या पाच टोकांना ती लावा. एका झुबक्यात पाच-सहा फुलं असतात. मधलं फूल आधी उमलतं आणि त्याचंच फळ सगळ्यात भरतं. ते आणि शेजारचं एक, एवढ्यांनाच लावा. एक दिवसाआड दोन-तीनदा हे करा. एका फांदीला दोरा बांधून ती तशीच सोडा. महिन्याभरात दोन्हींतला फरक दिसला तर दुखणं परागाचंच होतं याची खात्री पटते.

फांदी पाण्याच्या बाटलीत घालून झाडाला टांगायची असेल तर बाटली सावलीत राहील अशी टांगा आणि पाणी रोज बदला.

माश्या येत नाहीत

याच दिवसांत आंबिया बहाराचा संत्रा फुलतो. त्याच्या फुलांत मध भरपूर. सातेरी, आग्या, फुलोरी सगळ्या तिकडं वळतात आणि तुमच्या दोन झाडांकडं ढुंकून पाहत नाहीत. शेजारच्या वावरात हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी चालू असेल तर उरल्यासुरल्याही जातात. शेजाऱ्याला फवारणी सूर्य मावळल्यावर करायला सांगा, ऐकतात बहुतेक. आपण मात्र फुलोऱ्याच्या दहा-बारा दिवसांत काहीच फवारू नका, निंबोळी अर्कसुद्धा. फुलोऱ्याआधी, कळी गुलाबी दिसू लागली की लिटरला १ ग्रॅम बोरिक ॲसिडची एकच फवारणी चालते; चुनखडीच्या जमिनीत बोरॉन झाडाला कमी मिळतं, आणि परागाची नळी वाढायला ते लागतं. मात्रा दुप्पट केली तर पानांच्या कडा जळतात.

बी भरलेलं फळ गळतं

हे उन्हाचं आणि पाण्याचं काम. फळ सुपारीएवढं होईपर्यंत मार्च संपतो आणि पुढं ४२-४५ अंश. मार्चअखेर पश्चिमेकडून आणि वरून ५० टक्के सावलीची जाळी बांधा, झाडापासून दोन फूट उंच, चारी बाजू बंद न करता. खोडाला बोर्डो पेस्ट लावा: एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून एक लिटर पाण्यात. त्यानं साल उन्हानं तडकत नाही. बुडाभोवती सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. कुटार खोडाला टेकलं की उधई चढते.

तीन वर्षांच्या झाडाला एप्रिल-मेमध्ये दिवसाआड २५-३० लिटर पाणी लागतं. आठ दिवस कोरडं ठेवून मग आळं तुडुंब भरणं हेच गळीचं मोठं कारण. काळ्या जमिनीत घड्याळ पाहून पाणी देऊ नका. सहा इंच खोलीवरची माती मुठीत दाबा, लाडू वळला तर एक दिवस थांबा.

झुबक्यात दोन-तीन फळं धरली असतील तर बोराएवढी असतानाच एक ठेवून बाकीची काढा. जिवावर येतं, पण नाहीतर सगळीच लिंबाएवढी राहतात. लावल्यानंतर पहिली दोन वर्षं आलेली सगळी फुलंच खुडा.

पावसाळ्यात झाड एकाएकी सुकलं

श्रावण-भाद्रपदात पानं मलूल होऊन जांभळट-पिवळी पडली, तर बुडाशी माती उकरून जोडाखालची साल खरवडा. आत नारिंगी-तपकिरी आणि मऊ लागली तर बुडाची सड आहे. अर्ध्याहून कमी घेर सडला असेल तरच झाड वाचतं: सडका भाग चांगल्या सालीपर्यंत तासा, बोर्डो पेस्ट लावा, बूड उघडंच ठेवा आणि पाणी निघायला चर काढा.

हे टाळायचं तर काळ्या जमिनीत खड्डा खणून लावूच नका. तो विहिरीसारखा पाणी धरतो. जमिनीच्या वर दीड फूट उंच, चार फूट रुंद ओटा करा: निम्मी वरची माती, पाव भाग बारीक मुरूम किंवा रेती, पाव भाग कुजलेलं शेणखत, त्यात एक किलो निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी. जोड मातीच्या वर निदान वीतभर राहिला पाहिजे. जोड गाडला तर वरच्या जातीलाच मुळं फुटतात आणि खुंट निवडून घेतल्याचा काही फायदा राहत नाही.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे मात्र सडीचं लक्षण नाही. चुनखडीमुळं लोह मिळत नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा फवारा. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. सामू (पीएच) आठच्या वर असलेल्या जमिनीत साधं हिराकस टाकलं तर ते मातीतच अडकून राहतं. लावण्याआधी कृषी विज्ञान केंद्रातून माती तपासून घेतली आणि मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर निघाला, तर त्या जागी सफरचंद नकोच. तिथं सीताफळ लावा.